कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

जुन्या पेट्रोल गाडीच्या इंधनयंत्रणेत पाच ठिकाणं असतात: टाकी, नळ्या, फिल्टर, पंप आणि कार्ब्युरेटर. पेट्रोल याच क्रमाने प्रवास करतं. शिकाऊ मेकॅनिक तपासणी उलट्या क्रमाने करतो. याला कारण आहे. बॉनेट उघडल्याबरोबर कार्ब्युरेटर समोर दिसतो, त्याला स्क्रू भरपूर असतात, आणि तो खोलून बसलेला माणूस लांबून तरी पक्का मेकॅनिक वाटतो. टाकी पाहायची तर गाडीखाली पाठ टेकून सरपटावं लागतं, आणि तिथे शिरलेल्या माणसाचे फक्त पाय दिसतात. पायांवरून कुणाची कीर्ती होत नाही.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या भागात अभ्यासासाठी सर्वात सहज मिळणारा नमुना म्हणजे जुनी मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, म्हणजे कार्ब्युरेटरवाली गाडी वयाने बहुधा शिकाऊपेक्षा मोठी भरते. पांढुर्णा जिल्हा २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून वेगळा झाला, पण अशा गाडीच्या पाटीवर छिंदवाड्याचा एमपी २८ अजून टिकून असतो. बऱ्याचदा त्या बाजूचं तेवढंच टिकलेलं असतं. घरात मराठी, दुकानाच्या पाटीवर हिंदी आणि गाडीच्या पुस्तकात इंग्रजी असा इथला कारभार असल्यामुळे यंत्रशास्त्र शिकाऊला उस्तादाच्या तोंडूनच मिळतं. त्यात गॅस्केटला पॅकिंग म्हणतात, सॉकेटला गोटी, आणि इंजिनावरच्या यांत्रिक इंधनपंपाला एसी पंप. ‘एसी पंप गेला’ हे ऐकून ‘माझ्या गाडीत एसीच नाही, पैसे कायचे?’ असं विचारणारं गिऱ्हाईक अधूनमधून येतंच.

दुरुस्तीची सुरुवात तक्रार ऐकण्यापासून होते. तक्रारी मोजक्याच असतात: गाडी मिसिंग मारते, चढाला उठत नाही, झटके देते, किंवा सकाळी चालूच होत नाही. पाचवी तक्रार ‘कालपर्यंत चांगली होती’ ही आहे. ती सगळेच करतात आणि तिच्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

यानंतर पाहायची पहिली गोष्ट म्हणजे टाकीत पेट्रोल आहे का. हे वाचून हसू येईल, पण जुन्या गाडीचा काटा पेट्रोलची पातळी दाखवतोच असं नाही. कधीकाळी होती ती पातळीही तो दाखवत राहतो. गाडीला मागून धक्का देऊन टाकीतली डुबडुब ऐकणं ही पद्धत त्याहून भरवशाची. दुसरी चाचणी एअर फिल्टरची डबी काढून करायची. इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटरची तार हाताने ओढली, की कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली तर पेट्रोल वरपर्यंत पोचतंय, आणि खोट बहुधा प्लग-पॉइंटकडे शोधायची. नाही उडाली, तर पेट्रोल वाटेत कुठेतरी अडलंय. ही चाचणी मिनिटभरात होते, तिला पाना लागत नाही आणि तिचे पैसेही मागता येत नाहीत. ती मागे पडण्याची कारणं यातच आली.

ती न करता कार्ब्युरेटर टेबलावर मांडून बसलेल्या शिकाऊला उस्ताद जेवून आल्यावर जो प्रश्न विचारतात, तो या शास्त्राचा पायाच समजायला हरकत नाही:

“पेट्रोलच वरतं पोचून नाही राह्यलं, अन् तू कार्ब्रेटर कायले खोलला बे?”

“उस्ताद, साफ करून पाहू म्हटलं.”

“साफ होताच ना तो! आता कचरा गेला असंल त्याच्यात.”

तेव्हा टाकीकडे वळू. टाकीत पाणी, गंज आणि गाळ या तीन वस्तू मालकाच्या नकळत साठतात. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. संत्र्याच्या बागेत जाण्यापुरती ठेवलेली, पोळ्याला बाहेर काढलेली गाडी या वर्गात मोडते. (दुसऱ्या दिवशी ती जाम नदीच्या काठापासून दूर उभी करावी हे कुणी सांगावं लागत नाही; त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे दगडफेक, असते, आणि काच मारुतीची आहे की आणखी कुणाची, हे गोटा विचारत नाही.) त्यात पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडचं तेच झालं. त्यात पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल उचलणारी नळी तळाजवळच असल्याने इंजिनला पहिला घोट त्याचाच मिळतो.

टाकीचं झाकण हा वेगळा विषय आहे. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा आत यायला हवी. तिच्यासाठी ठेवलेली वाट धुळीने बुजली, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थोडं अंतर छान धावते, मग गुदमरून बंद पडते. थोडा वेळ उभी राहिली की आपोआप चालू होते. सौंसरजवळ जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला निघालेली गाडी अशी देवळाच्या अलीकडे थांबली, तर मंडळी तिथूनच हात जोडतात, तेवढ्यात हवा आत झिरपते आणि गाडी चालू होते. निजलेल्या मारुतीने आपल्या नावाच्या गाडीला दर्शनासाठी थांबवलं अशी समजूत मग कायमची होते. पवनपुत्राच्या दारात पवनाअभावी अडलेल्या या गाडीचं झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज येतो. खोट तीच. झाकण साफ करावं, आणि समजुतीला हात लावू नये.

नळ्यांचं प्रकरण शिकाऊला सर्वात जास्त फसवतं. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी फुटली तर पेट्रोल टपकतं, वास येतो, आंधळ्यालाही कळतं. टाकीपासून पंपापर्यंतची नळी मात्र ओढीची. तिला भेग पडली तर इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर थेंब नसतो, वासही नसतो, आणि पंप निम्मं पेट्रोल, निम्मी हवा ओढत बसतो. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही: ते फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. जिथे क्लिप बसते त्या टोकाला नळी वाकवून पाहिली की बारीक चिरा दिसतात. या तुकड्याची किंमत साऱ्या यंत्रणेत सर्वात कमी असते, आणि त्याच्यापायी आधी कार्ब्युरेटर, मग पंप, मग उस्तादाचा संयम अशी खोलाखोली होते. शिवाय जुन्या ८०० मध्ये पेट्रोल आणणारी, उरलेलं टाकीत परत नेणारी आणि वाफेची अशा नळ्या वेगवेगळ्या असतात. काढण्यापूर्वी त्यांवर खूण करावी. शिकाऊ त्याऐवजी मोबाइलवर फोटो काढतो, आणि जोडायच्या वेळी त्या फोटोत त्याचा अंगठा अतिशय स्पष्ट दिसतो.

फिल्टरबद्दल दोनच गोष्टी. त्यावर बाण असतो, तो पेट्रोल ज्या दिशेने जातं त्या दिशेला ठेवावा. आणि पारदर्शक फिल्टर अर्धाच भरलेला दिसला तरी घाबरू नये; तसा तो चालतो.

पंप इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालतो. शाफ्टवरचा उंचवटा पंपाचा दांडा ढकलतो, दांडा डायफ्राम ओढतो, आणि दोन एकमार्गी झडपांमधून पेट्रोल एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जातं. पंप तपासायचा तर कॉइलची तार काढून ठेवावी, वरची नळी एका बाटलीत सोडावी आणि स्टार्टर मारावा. पेट्रोल ठोक्याठोक्याने यायला हवं. डायफ्राम फाटला तर कधी पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून हुंगली की कळतं. ऑइलची पातळी आपोआप वाढली म्हणून खूश झालेला मालक हे त्याचं दुसरं लक्षण. असं ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं, म्हणून पंपासोबत तेही बदलावं लागतं आणि मालकाची खुशी तिथे संपते. नवा पंप बसवताना जुनं पॅकिंग खरवडून काढावं. त्याच्यावरच दुसरं चढवलं तर जाडी वाढते, दांडा उंचवट्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि कोरा पंप पहिल्या दिवसापासून म्हातारा वागतो. एप्रिल-मेमध्ये या भागात पंप निरोगी असूनही गाडी अडते, कारण तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवण्याचा जुना उपाय इथे अजून चालतो आणि तो शास्त्रशुद्ध आहे.

आता कार्ब्युरेटर. इतकी सगळी वाट तपासूनही खोट सापडली नसेल तरच तो खोलावा. त्याच्या कप्प्यात एक फ्लोट असतो. छतावरच्या पाण्याच्या टाकीतला चेंडू जे काम करतो तेच त्याचं. पातळी भरली की तो सुईला वर दाबून पेट्रोल बंद करतो. सुई झिजली की पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, काळा धूर निघतो आणि अॅव्हरेज कोसळतो. पितळी जेटांमध्ये केसाएवढी भोकं असतात. ती हवेने आणि क्लीनरने साफ करायची. तार घालायची नाही. तारेने भोक मोठं होतं, आणि त्या भोकातून मालकाचे पैसे पुढची कित्येक वर्षं वाहतात. खोलताना सगळे भाग एका ताटात ठेवावेत. सर्क्लिप पक्कडीतून सुटते ती या ताटात पडत नाही. ती गाडीखालीही सापडत नाही. नवी क्लिप नागपूरहून येते, तोवर चहा होतो.

चहाबरोबर सल्लागार येतात. प्रत्येकाचं निदान स्वतःच्या वाहनावरून ठरलेलं असतं. या भागात विहिरीवरची डिझेल इंजिनं हाताळलेली माणसं पुष्कळ, त्यामुळे ‘हवा धरली असंल, हवा काढा’ हा सल्ला पहिला. डिझेलमध्ये तो बरोबरच असतो, तिथे हवा काढल्याशिवाय इंजिन हुं की चूं करत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र नळी धड असेल तर स्टार्टर थोडा वेळ फिरवल्यावर पंप आपली हवा आपण काढतो. सल्लागाराला हे सांगू नये. त्याला बिडी विझवायला तेवढं सांगावं, आणि तेही ताबडतोब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरकत खड्ड्यात साठते, आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते.

जोडणीनंतर मिश्रणाचा स्क्रू लावायचा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. निव्वळ इथेनॉलला नऊ पट पुरते. म्हणून शुद्ध पेट्रोलवर लावलेला जुना कार्ब्युरेटर मिश्र पेट्रोलवर थोडा उपाशी चालतो, आणि स्क्रू किंचित सैल करावा लागतो. हलक्या हाताने टेकेपर्यंत आवळायचा, मग दोन-तीन फेरे मागे घ्यायचा, आणि तापलेलं इंजिन सर्वात स्थिर वाजेल तिथे थांबायचं. जोराने आवळला तर सुईचं टोक चेमटतं आणि कार्ब्युरेटरचं किट आणावं लागतं. कानाने ट्यूनिंग करणारा उस्ताद या वेळी शेजारच्या दुकानातला रेडिओ बंद करवतो.

इंजिन चालू ठेवूनच प्रत्येक जोड बोटाने पुसून पाहावा, मग इंजिन बंद करून पुन्हा पाहावा, कारण ओढीची नळी गळते ती तेव्हाच. टाकीतून काढलेलं जुनं पेट्रोल गाळून दुचाकीत घालण्याचा मोह शिकाऊला होतो. त्यात पाणी असतं. जुन्या दुचाकीलाही कार्ब्युरेटर असतो.