पाटलांची बॅच

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ट्युटोरियलच्या बॅचेस हजेरीपटावरून पडतात आणि हजेरीपट आडनावावरून. त्यामुळे पहिल्या बॅचमध्ये आगरकर ते गायकवाड असा नाना तऱ्हेचा महाराष्ट्र येतो आणि तिसऱ्या बॅचमध्ये निम्मे पाटील. "पाटील, पुढची स्टेप सांग," असं सरांनी म्हटलं की सगळे पाटील एकमेकांकडे इतक्या अदबीने बघतात, की बोलण्याचा मान आपला नव्हेच. उरलेले पवार कुलदैवताचे आभार मानतात. तास संपतो.

मुलांच्या असल्या तक्रारी ऐकून मार्ग काढायचं काम विभागात माझ्याकडे आहे. ते मला मिळालं, कारण ज्या बैठकीत ते वाटलं गेलं तिला मी गैरहजर होते.

पाटलांवर मी उपाय सुचवला : नावाने हाक मारा. पहिल्याच तासाला चार ओंकार निघाले.

कागदावर ट्युटोरियल ही फार मानाची गोष्ट. एआयसीटीईच्या हिशेबात प्रॅक्टिकलला दोन तास राबावं तेव्हा एक क्रेडिट पदरात पडतं. ट्युटोरियलचा एकच तास तेवढ्या मोलाचा. वीसेक मुलं, एक शिक्षक, मनमोकळ्या शंका. प्रत्यक्षात मुलं अर्ज घेऊन माझ्या दारात उभी : 'विषय : बॅच बदलून मिळणेबाबत.' अर्जात कारण 'वैयक्तिक अडचण'. खोदून विचारलं की खरं बाहेर येतं, "मॅडम, तिथे लपता येत नाही." बरोबरच आहे. सत्तर जणांच्या वर्गाला शेवटचा बाक असतो. वीस जणांत शेवटचा बाकसुद्धा सरांच्या नाकासमोर.

दुसरी तक्रार नेहमीची : "सर एकटेच बोलत राहतात." सरांना विचारावं, तर "मुलं तोंडच उघडत नाहीत." दोन्ही खरं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त बोलतात आणि बरं बोलतात. आमच्याकडे तो एक सेकंदही वाया घालवत नाहीत. "इथे बेंडिंग मोमेंट शून्य का? हिंज आहे म्हणून," प्रश्न आणि उत्तर एका दमात. मी त्या सरांना विनवलं, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजा. ते बोटांवर मोजू लागले. मुलांना वाटलं, तीन झाले की वर्गाबाहेर काढणार. धसक्याने का होईना, एका पाटलाने उत्तर दिलं, आणि बरोबर दिलं. सर इतके चकित झाले, की म्हणाले, "नक्की?" त्याने लगेच उत्तर बदललं.

खरी भांडणं मात्र प्रोजेक्टवरून. चौघांच्या ग्रुपमध्ये एक मुलगी सगळं करते, दुसरा स्पायरल बाइंडिंगला जातो, तिसरा त्याचे पैसे देतो आणि चौथा व्हायव्हाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो. यावर मी मुलांना माक्स रिंगेलमन सांगते. या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली निष्कर्ष छापले. माणसं वाढत जातील तसा प्रत्येकाचा वाटा घटतो : चौघे असले तर एकट्याने लावला असता त्याच्या ७७ टक्के, आठ असले तर ४९. ऐकून ती राबणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांचे निदान दोराला हात लावून उभे तरी होते."

म्हणून यंदापासून नियम केला : प्रत्येकाने स्वतः काय केलं ते एका पानावर वेगळं लिहून द्यायचं. या ग्रुपच्या तीन पानांवर 'संपूर्ण प्रोजेक्ट मी केला' असं होतं. चौथ्या पानावर, 'मी रोज चहा आणला आणि भांडणं मिटवली.' मुलीला ते दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग नाइलाजाने म्हणाली, की तो नसता तर ग्रुप पहिल्याच आठवड्यात फुटला असता.

त्याला टर्मवर्कचे किती गुण द्यावेत, यावर विभागाची बैठक बसली. आम्ही आठ जण होतो, म्हणजे रिंगेलमनच्या हिशेबाने चार. गुणांचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तोवर त्या मुलाला तक्रारनिवारणात माझ्या हाताखाली द्यावं, असं मी सुचवलं आणि ते लगेच मान्य झालं. चहाचा खर्च विभागाने उचलावा, यावर मात्र एकमत झालं नाही.