अनुपलब्धी : न दिसणाऱ्या सीडी-ड्राइव्हविषयी

जमिनीवर मडके नाही, हे आपल्याला कसे कळते? प्रश्न पोरकट वाटेल, पण आपल्या दर्शनकारांनी तो शतकानुशतके चघळला आहे. नैयायिक म्हणतात, मोकळी जमीन डोळ्यांना दिसते आणि तिच्याबरोबर मडक्याचा अभावही दिसतो, त्याला वेगळे प्रमाण कशाला हवे? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, छे, जे नाही ते डोळ्यांना कसे दिसेल? न दिसणे हेच एक स्वतंत्र प्रमाण आहे, आणि त्याचे नाव अनुपलब्धी. अद्वैत्यांनीही हे सहावे प्रमाण मान्य केले. मात्र त्याला एक अट आहे. मडके असते तर ते दिसलेच असते, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत डोकावून ‘मडके नाही’ म्हणणाऱ्याला शास्त्रार्थात कोणी उभे करत नाही.

ही अट प्रस्तुत लेखकाला नीट कळली ती काशीला नव्हे, पैठणलाही नव्हे. ती कळली डहाणू तालुक्यातल्या सायवनला, भर श्रावणात, कोब्यावर मांडलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरपुढे अडीच दिवस मांडी घालून बसल्यावर.

कॉम्प्युटर बँकेतला होता. कोणत्या, ते सोडा. 1984 साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला आणि त्यानंतर खातेवह्या हळूहळू पडद्यावर चढू लागल्या. पुढे अनेक शाखांत युनिक्स आले, बहुतेक ठिकाणी सांताक्रूझच्या कंपनीचे. (हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातले. आमच्या शाखेतले एक शिपाई कितीतरी वर्षे समजत होते की बिघाड झाला की माणूस लोकलने येतो.) निवृत्तीनंतर तसलाच एक डबा मी भंगाराच्या भावात घेतला, युनिक्सची मूळ सीडी कपाटात होतीच, आणि पडद्यावर ती जुनी ‘लॉगिन’ची ओळ पुन्हा एकदा उमटलेली पाहावी एवढ्याच हेतूने सगळे गाठोडे भाच्याकडे नेले. भाचा तिकडे आश्रमशाळेत शिकवतो आणि सायवनला भाड्याच्या घरात राहतो. डहाणू रोड स्टेशनपासून कासा, आणि कासा-सायवन रस्त्याने पुढे, हा सगळा प्रवास मॉनिटर मांडीवर घेऊन केला. विद्वत्तेला किंमत द्यावी लागते.

आता मूळ घटना. सीडी आत घातली, दिवा लुकलुकला, पडद्यावर युनिक्सची अक्षरे आली, कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, चढला. नंतर दोन-तीन प्रश्नोत्तरे झाली आणि कर्नलने जाहीर केले की या यंत्रात सीडी-ड्राइव्ह नाही.

वाचकाने इथे क्षणभर थांबावे. हा कर्नल आला कुठून? त्याच सीडीवरून. ज्या दारातून आत आला त्या दाराकडे बोट दाखवून तो म्हणत होता, दार कुठे आहे?

या कोड्यावर सायवन मुक्कामी जी मते मांडली गेली, त्यांत फुंकरवादी संप्रदाय सर्वांत प्राचीन. ड्राइव्हचा कप्पा उघडायचा, आत फुंकर मारायची, बंद करायचा. पावसाळ्यात माणसाच्या फुंकरीत धुळीपेक्षा वाफच जास्त असते, आणि भिंगावर बाष्प धरले की पूर्वी थोडेबहुत दिसत होते तेही दिसेनासे होते. तरीही हा संप्रदाय टिकून आहे, कारण फुंकर मारताना माणूस काहीतरी करत असतो.

भूकंपवादी मत भाच्याच्या एका सहकाऱ्याचे. त्याला हसणे सोपे आहे, पण मी हसलो नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्याने जे धक्के सोसले, धुंदलवाडीच्या आसपास लोक घरे सोडून उघड्यावर झोपले, 1 फेब्रुवारी 2019 ला तर 4.1 तीव्रतेचा धक्का बसला, त्यानंतर इथे कपबशी हलली तरी माणूस आधी जमिनीकडे पाहतो. शास्त्रीयदृष्ट्याही मताला आधार आहे. सीडीवर डेटाचे फेरे एकमेकांपासून 1.6 मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे एका मिलिमीटरच्या जागेत सहाशेहून अधिक. इतक्या दाटीत सुई शोधणारा किरण धक्क्याने घसरायला काय लागते? पण फिरती सीडी मुळातच डगमगते, आणि तिच्यामागोमाग भिंग सतत वरखाली, डावीउजवीकडे सरकत राहील अशीच योजना केलेली असते. रोजचा भूकंप ड्राइव्हच्या पोटात चालूच असतो. शिवाय त्या दिवशी जमीन हलली नव्हती.

सर्वांत रुजलेला संप्रदाय मात्र पुसणवाद्यांचा, आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. घरमालकांच्या आजींनी ‘पुसून बघा की जरा’ असे म्हणताक्षणी मी सीडी सदऱ्याच्या टोकाने गोल गोल पुसू लागलो, जसे आपण पूजेचे ताम्हन पुसतो. हेच चूक आहे. सीडीवरची रेघ एकच, सलग, आतून बाहेर उलगडत जाणारी, पूर्ण भरलेल्या सीडीवर पाचेक किलोमीटर लांब. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत जाते, ही आतून बाहेर. मध्यापासून कडेकडे पडलेला ओरखडा एका वेळी रेघेचा जेमतेम तुकडा तोडतो. तेवढे तुटलेले शेजारच्या मजकुरावरून गणिताने भरून काढण्याची सोय सीडीत आहे. मात्र गोल पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्या अंगानेच धावतो आणि लांबलचक ओळ खाऊन टाकतो, तिथे गणित हात टेकते. म्हणून मऊ फडक्याने, मध्यापासून कडेकडे, सरळ पुसावे.

मी हे सांगत असताना भाचा भिंतीकडे पाहत होता. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला तारपा नाच होता. मधोमध तारपावाला, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्यांची रांग वळत वळत बाहेर उलगडलेली.

“मामा, ही तुमची सीडीच की.”

उपमा त्याने सहज दिली, पण ती मला वाटले त्याहून खोल निघाली. नाचात तारपावाल्याकडे कोणी पाठ करत नाही. पावले कशी पडायची आणि वळायचे कधी, हे त्याच्या सुरावर ठरते. सीडीवरही अगदी आतल्या फेऱ्यात, मधल्या भोकालगत, संपूर्ण तबकडीची अनुक्रमणिका असते, आणि ड्राइव्ह आधी तीच वाचतो. तिथेच ओरखडा असेल, तर बाहेरचा सारा मजकूर धडधाकट असूनही ड्राइव्ह म्हणतो, आत काहीच नाही. तारपा थांबला की नाच थांबतो. आमचा आतला फेरा भिंगाखाली धरून तपासला, तो स्वच्छ होता. (आणखी एक गोष्ट पुसणवाद्यांना माहीत नसते. चकचकीत बाजूला 1.2 मिलिमीटरचे प्लास्टिक आहे, तिला बरेच सोसवते. छापील नावाच्या बाजूला मात्र ॲल्युमिनियमचा थर लाखेच्या पातळ पापुद्र्याखालीच असतो. लोक चकचकीत बाजू जपतात आणि सीडी छापील बाजूवर घासत ठेवतात.)

आता सिद्धान्ताकडे. सीडीवरून यंत्र सुरू करण्याचा जो ठराव 1995 च्या जानेवारीत फिनिक्स आणि आयबीएम यांनी मांडला, त्याचे नाव ‘एल तोरितो’, म्हणजे छोटा बैल. त्या नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात ही कल्पना जेवताना सुचली, अशी आख्यायिका आहे. आमच्या आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न कोणाच्या तरी जेवणातून निघाला, हे कळल्यावर दु:ख थोडे हलके होते. या ठरावात एक चतुराई होती. जुन्या प्रणालींना फ्लॉपीवरून सुरू होण्याची सवय, म्हणून सीडीवर फ्लॉपीचा हुबेहूब ठसा ठेवायचा आणि बायोसने (यंत्राला जागे करणाऱ्या मूळ आज्ञावलीने) प्रणालीला सांगायचे की ही फ्लॉपीच आहे. त्या काळच्या कित्येक सीडी अशाच सुरू होत. कर्नल बिचारा सीडीच्या पोटातून आला खरा, पण त्याला आईचे नाव फ्लॉपी असेच सांगितलेले. कर्णाला राधेय म्हणूनच वाढवल्यावर त्याने कुंतीला ओळखावे, ही अपेक्षा कोणी करायची?

एकदा जागा झाल्यावर हा कर्नल बायोसचे काही ऐकत नाही. ड्राइव्ह कुठे आहे ते तो स्वत: शोधतो, आणि तेही आपण सांगू तिथेच. त्या दोन-तीन प्रश्नांत त्याने नेमके हेच विचारले होते : सीडी-ड्राइव्ह तारांच्या पहिल्या पट्ट्यावर की दुसऱ्या? मास्टर की स्लेव्ह, म्हणजे त्या पट्ट्यावरचा थोरला की धाकटा? उत्तर आधीच भरून आले होते, दुसरा पट्टा, मास्टर. आम्ही बँकेतल्या सवयीने एंटर दाबला. भरून आलेल्या उत्तरावर एंटर दाबण्याची सवय मला नोकरीतच लागली. तिचे इतर परिणाम या प्रबंधाच्या कक्षेबाहेर आहेत.

झाकण उघडले तेव्हा ड्राइव्ह हार्डडिस्कच्याच पट्ट्यावर, स्लेव्ह म्हणून लटकलेला. दुसऱ्या पट्ट्याची जागा रिकामी, तिथे कोळ्याचे जाळे. बायोसने सगळीकडे पाहिले म्हणून त्याला सापडले. कर्नलने एकाच अंधाऱ्या खोलीत, आम्ही दाखवली तिथेच, डोकावून पाहिले आणि ‘मडके नाही’ म्हणाला. मीमांसकांची अट त्याने मोडली, हे खरे. पण खोली आम्ही दाखवली होती, हेही खरे.

उपाय दोन होते. पुन्हा सुरू करून खरे उत्तर द्यायचे, किंवा उत्तर खरे ठरेल असा ड्राइव्ह हलवायचा. पहिला सोपा होता, म्हणून विद्वानांनी दुसरा निवडला. ड्राइव्हच्या पाठीला पिनांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी टोपी, तिला जंपर म्हणतात. ती काढून मास्टरच्या जोडीवर बसवायची. ती काढताक्षणी उडाली आणि कोब्यावर कुठे गेली ते कळेना. दोघे गुडघ्यांवर. इथे योग्य अनुपलब्धी होती, उजेड भरपूर होता, तरी टोपी नव्हती. ती आजींना सापडली, सुपात.

पट्ट्याची लाल कड विजेच्या पिनांकडे ठेवून ड्राइव्ह दुसऱ्या पट्ट्यावर मास्टर केला, एंटर दाबला, आणि सीडी खडखडू लागली. मध्ये दोनदा वीज गेली, तेवढा तपशील गाळतो. रात्री दहाला ‘लॉगिन’ची ओळ आली. मी ती बराच वेळ पाहिली. भाचा म्हणाला, “एवढ्यासाठी?” मी म्हणालो, हो.

उत्साहाच्या भरात सीडी माउंट करून, म्हणजे युनिक्सच्या फोल्डरांना जोडून, आतली नावे पाहिली. सगळी मोठ्या अक्षरांत, आणि प्रत्येकाच्या शेपटीला अर्धविराम आणि एक हा आकडा, कारण सीडीच्या 1988 च्या मानकात फाइलला आवृत्तीक्रमांक हवा असा दंडक होता. युनिक्सला मात्र अर्धविराम म्हणजे ‘इथे एक आज्ञा संपली’. तेव्हा नाव जसेच्या तसे टाइप करावे तर तो म्हणतो, ‘एक’ नावाची आज्ञा मला माहीत नाही. अवतरणचिन्हांत कोंडल्यावरच तो ऐकतो.

शेवटचा प्रश्न सीडी बाहेर काढण्याचा. बटण दाबले तरी कप्पा हलेना, कारण माउंट केलेली सीडी युनिक्स सोडत नाही. तिला सोडवण्याच्या आज्ञेतला ‘एन’ मूळ कर्त्यांनीच गाळला आहे. (त्यांपैकी केन थॉम्प्सनना एकदा विचारले होते, युनिक्स पुन्हा लिहिले तर काय बदलाल? ‘क्रिएट’मधला गाळलेला ‘ई’ घालीन, असे ते म्हणाले. या ‘एन’बद्दल कोणी विचारले नसावे.) ‘यू-माउंट’ दिले. उत्तर आले : साधन वापरात आहे. पुन्हा दिले. वापरात आहे. भाचा जेमक्लिप सरळ करू लागला, कारण कप्प्याखाली त्या कामासाठीच बारीक भोक असते.

मग तो पडद्याकडे पाहून थांबला.

“मामा, तुम्ही स्वत:च आत बसलाय.”

खरेच. मी सीडीच्याच फोल्डरमध्ये उभा राहून सीडी सोडवायला सांगत होतो. फोल्डर बदलण्याच्या आज्ञेची अक्षरे दोनच आहेत, सी आणि डी. मी सीडी लिहिले, पुढे एक तिरकी रेघ मारली, एंटर दाबला, पुन्हा ‘यू-माउंट’ दिले, बटण दाबले, आणि कप्पा एकदाचा बाहेर आला. सीडी कोमट होती. आजींनी ती उचलून दिव्याकडे धरली, सात रंग पाहिले आणि पदराच्या टोकाने गोल गोल पुसून माझ्या हातात दिली.