काय सर, पायी?

बीडमध्ये इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस पायी दिसला की लोकांना तीनच कारणं सुचतात: शुगर निघाली, गाडी फायनान्सवाल्यानं ओढून नेली, नाहीतर निवडणूक आली. पर्यावरण हे चौथं कारण शहराला पुरवायचं मी ठरवलं. नेदरलँड्सचे पंतप्रधान असताना मार्क रुटे सायकलवर ऑफिसला जायचे. त्यांचा फोटो ग्रुपवर टाकून 'आपण कधी शिकणार?' असं मीच विचारलं होतं. त्याखाली कुणीतरी माझाही टाकील, अशी अंधुक आशा होती.

कुणी टाकला नाही. सुभाष रोडला माजी विद्यार्थी मात्र जागोजाग ब्रेक मारायचे. "काय सर, पायी? बसा, सोडतो."

"मुद्दाम चालतोय रे."

"असं कुठं असतंय का सर?"

संध्याकाळी पुण्याहून जावयांचा फोन आला, "मामा, पैशाची काही अडचण नाही ना?"

मग शेअर रिक्षा. हा माझा लाडका विषय, तेव्हा जरा ऐसपैस बोलतो. रिक्षात तशी सोय नसते. परवाना तीन माणसांचा, पण रिक्षावाल्याच्या लेखी तीन म्हणजे नुसती भवानी. मागं चौघं झाले की ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक. त्यांचं अर्धं अंग रिक्षात, अर्धं जालना रोडवर. हॅण्डल वळलं की पोट आत घ्यायचं, सरळ झालं की सोडायचं. मुरलेले प्रवासी वळण यायच्या आधीच श्वास ओढून घेतात. योगवर्गाची फी भरणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. मी डोकावलो की ड्रायव्हर ओरडतो, "सरका, सर आहेत!" मागचे चौघं आदरानं आखडतात. त्या आदराची रुंदी चार बोटं भरते. त्यावर मी माझी हयातभराची प्रतिष्ठा टेकवतो, मग माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोरगं येतं आणि पोराच्या मांडीवर मेथीची जुडी. व्याख्यानांत जिला सामूहिक वाहतूक म्हणतात ती बीडनं कधीचीच अंगवळणी पाडली आहे. फक्त चार पैसे हाती आले की माणूस आधी हप्त्यावर गाडी घेऊन तिच्यातून सुटतो. मीही तसाच सुटलो होतो.

दसऱ्यानंतरची गोष्ट. बार्शी रोडला एक ट्रॅक्टर हळू झाला. मागं ट्रॉलीत गाठोडी, पत्र्याची पेटी, भांडी, कोंबड्या, वर दोन लेकरं. ऊसतोडीला कर्नाटकात निघालेलं बिऱ्हाड. माझाच एक विद्यार्थी वरून म्हणाला, "सर, पायी? या की, बायपासपर्यंत सोडतो." आणि त्यानं गाठोडं सरकवून जागासुद्धा केली. या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं अशी घरासकट उघड्यावर जातात आणि त्याला कुणी प्रवास म्हणत नाही. त्याच्यापुढं मला पर्यावरण हा शब्द उच्चारता आला नाही. "चालतोय जरा, शुगर आहे," म्हणालो. शुगर नाही मला.

राहिली रेल्वे. अहिल्यानगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडला पोचली. रेल्वेसाठीच्या मोर्च्यांत घोषणा देणाऱ्यांची नातवंडं आता मोबाईलवर तिचे रील काढतात. मी ती पाहायला कार घेऊन गेलो. कार लावायला जागा मिळेना, कारण सगळेच रेल्वे पाहायला गाडी घेऊन आले होते.

घरी येऊन मी बायकोला डिझेल, धूर आणि रुळांचं भवितव्य समजावलं.

"अंबाजोगाईला जाती का ती?" तिनं विचारलं. तिथं तिचं माहेर.

"नाही."

विषय संपला. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना हाफ तिकीट आहे. तिची पिशवी भरलेलीच होती. मी म्हणालो, "थांब, स्टँडपर्यंत रिक्षानं मीही येतो."

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही संगं असलाव की सगळ्यांना आखडून बसावं लागतंय."