वाकलेला गज

घणसोली नाक्यावर, ठाणे-बेलापूर रस्त्यावर झेब्रा पट्टे मारलेत. पांढरेशुभ्र, अगदी मापात. फक्त ते सरळ जाऊन दुभाजकाच्या लोखंडी जाळीला भिडतात आणि जाळीपलीकडे पुन्हा सुरू होतात. पट्टे मारणारं खातं वेगळं, जाळी बसवणारं वेगळं. दोघांनी आपापलं काम चोख केलं. माणसाने जाळीतून आरपार जायचं कसं, हे तिसऱ्या खात्याचं काम. ते खातं अजून निघायचंय.

तोवर लोकांनी जाळीचा एक गज वाकवून घेतला. कोणी वाकवला म्हणून गावात विचारलं तर सगळे आभाळाकडे बघतात.

पादचाऱ्यांच्या सोयीसाठी या नाक्यावर खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट एवढीच. फट दीड वितीची. पोरं आधी दप्तर पलीकडे टाकतात, मग स्वतः जातात. पहिल्या पाळीचे कामगार डबा छातीशी धरून आडवे सरकतात. म्हावऱ्याची पाटी घेतलेली आजी पाटी जाळीवरून पलीकडच्या अनोळखी माणसाच्या हातात देते, मग एक खांदा, मग दुसरा, आणि बाहेर पडल्यावर हात पुढे करते, “दे रं बाला.” पोट सुटलेले गृहस्थ श्वास रोखून घुसतात आणि मध्येच अडकतात. तेव्हा मागचे ढकलतात, पुढचे ओढतात. कोणी कोणाला नाव विचारत नाही.

पण प्रशासन झोपलेलं नाही. दर काही महिन्यांनी जनरेटर घेऊन टेम्पो येतो. गज सरळ होतो, वेल्डिंग होतं, वर तांबडा रंग, मग सगळ्या बाजूंनी फोटो. आठवडाभरात गज पुन्हा वाकतो. ‘समाजकंटकांकडून सार्वजनिक मालमत्तेची नासधूस’ अशी बातमी येते. म्हणजे ती पाटीवाली आजी. मग जाड गज येतो. तोही वाकतो, कारण दहीहंडीला थर लावणाऱ्या पोरांच्या गावात गजाची जाडी वाढवून काय होणार? मग जाळीची उंची वाढते, वर भाल्यासारखी टोकं येतात आणि शेवटी पाटी लागते, ‘जाळी ओलांडणे दंडनीय आहे.’ ती नेमकी झेब्रा पट्ट्याच्या डोक्यावर. खालचा पट्टा म्हणतो या, वरची पाटी म्हणते दंड भरा. रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही सूचनांचं पालन करणारा आदर्श नागरिक पाहायचा असेल, तर सकाळच्या गर्दीत या. समोरून ट्रेलर येत असतो.

आता नियम काय सांगतो? वाहन चालवण्याचे 2017 चे नियम सांगतात की, पादचारी पट्ट्याजवळ चालकाने वेग कमी करावा, थांबावं, चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. आमच्याकडे पट्ट्यावर थांबते ती रिक्षा, आणि तीही भाडं घ्यायला. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे जवळजवळ दर पाचातला एक. यांनी कोणाला ओव्हरटेक केलं नव्हतं, सिग्नल तोडून गाडी हाणली नव्हती. तरी माणूस गेला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘रस्ता ओलांडण्याच्या नादात.’ नाद? कामावर जाणं हा नाद आहे का? दूध आणायला जाणं हा नाद? आणि ही माणसं काही उपरी नाहीत. नवी मुंबई आखली 1970 च्या सुमारास. घणसोली गाव त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. भातशेती गेली, मिठागरं गेली, या शहरासाठी जमिनी दिल्या, आंदोलनं केली, तेव्हा कुठे मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पडली. त्या साडेबारा टक्क्यांत पलीकडे जायची वाट धरायची राहिली असावी. ज्याच्या आजोबांनी जमीन दिली, त्यानेच आज या शहरात अंग चोरून, आडवं होऊन, दीड वितीतून जायचं आणि वर समाजकंटक म्हणवून घ्यायचं!

पट्टा जिथे जाळीला भिडतो, तिथली जाळी कापायला लागतं काय? एक कटर, एक माणूस आणि एक दुपार. वेल्डिंगला दर खेपेला टेम्पो लागतो, जनरेटर लागतो, चार माणसं लागतात. पण जाळी एकदा कापून टाकली, तर पुढच्या वर्षी बिल कशाचं काढायचं?