पहिला नंबर भूतपाल शेठचा

कला, विज्ञान आणि डिजिटल यांचा ‘संगम’ घडवणाऱ्या शालेय प्रकल्प स्पर्धांना मावळातही ऊत आलाय. पवना धरण थर्माकोलचं, पाणी निळ्या जिलेटिनचं, भिंतीवर क्यूआर कोड. परीक्षक स्कॅन करायला जातात, तर रेंज नाही. मग बाईंनी मुलांकडून घोकून घेतलेलं ऐकायचं.

याच मावळातलं कार्ल्याचं चैत्यगृह खोदलं दोन हजार वर्षांपूर्वी. दगडी छताला लाकडी फासळ्या, त्या अजून शाबूत. प्रायोजकांची नावं खांबांवर. परीक्षकांची वाट कोण बघतो! वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठनं स्वतःच कोरून ठेवलं: जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह. दर्शनी भाग घडवणाऱ्या सामी सुतारानं तर स्वतःबरोबर बापाचंही नाव घातलंय. आपल्याकडे रात्रभर जागून प्रकल्प बापच करतो, आणि खाली नाव फक्त चिरंजीवांचं.