बोरधरणावरचा शांतताप्रेमी

शांतताप्रेमी हा मध्यमवयीन, नोकरदार कुटुंबप्रमुख हिवाळ्यातल्या रविवारी वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या बोर धरणाच्या काठी हमखास आढळतो. मूळ वसतिस्थान नागपूर. बोर नदी अडवून केलेला जलाशय, भोवती सागाचे जंगल, लागूनच 1970 साली घोषित झालेले अभयारण्य आणि धरणाच्याच नावाने ओळखले जाणारे छोटे गाव, एवढाच इथला ऐवज. इथे गोंगाट नाही, म्हणून तो येतो. येताना दोन गाड्या, अकरा माणसे आणि एक स्पीकर आणतो.

वाटेत केळझर लागते. सिद्धिविनायकाचे दर्शन होते. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुर मारला तो इथेच, अशी लोकांची श्रद्धा आहे. बकासुराला गाडाभर अन्न लागे, हे शांतताप्रेमी दर खेपेला मुलांना सांगतो. डिकीत तेव्हा दहा किलो कणीक, पाच किलो वांगी, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि चिवड्याचा डबा असतो.

काठावर उतरल्यावर तो कमरेवर हात ठेवून "किती शांत आहे, नाही?" असे इतक्या मोठ्याने विचारतो, की बगळे उडतात. मग जाळे सोडवत बसलेल्या माणसाकडे वळून, "काऊन भाऊ, यंदा किती टक्के भरलं?"

"भरलं जी."

टक्का हाती न लागल्याने तो बेचैन होतो आणि मेहुण्याला स्वतःच एक आकडा सांगून मोकळा होतो. वाघाचेही तसेच. 2014 साली अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर होते, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. जागा लहान, म्हणजे वाघ जवळच असणार, हे त्याचे गणित.

मुख्य कार्यक्रम रोडग्यांचा. ओळखीतल्या कुणाच्या तरी वावरात गोवऱ्या पेटतात. घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे आरावर ठेवून, उलटेपालटे करत भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि झणझणीत वांग्याच्या भाजीशी खायचे. चव खरोखर अवीट असते, त्याबाबत वाद नाही. शांतताप्रेमी खुर्चीवरून "हवा घाल बे, इकडून करपून राह्यला!" अशी देखरेख करतो. बायका धुराने डोळे चोळत भाजी ढवळतात. घरी गॅसवर तासाभरात उरकणाऱ्या या कामाला इथे अख्खी दुपार लागते. त्यांना स्वयंपाकघरातून सुटका मिळावी म्हणूनच ही सहल काढलेली असते.

पाचव्या रोडग्यानंतर तो जलाशयाकडे पाठ करून मोहाच्या सावलीत झोपतो. गावाला काय शांतता मिळते ती याच दोन तासांत, तीही घोरणे वजा जाता.

परतताना वाट वाकडी करून वर्ध्याला गोरसपाक बिस्किटे घेतली जातात. सोमवारी तो कार्यालयात सहलीचे वर्णन करतो: ठिकाण एक नंबर आहे, फक्त तिथे करायला काही नाही.