वलगावचा प्रॉडक्टवाला

पूर्वी गावात एक तरी एमपीएससीवाला असायचा. त्याच्या खोलीच्या भिंतीवर भारताचा नकाशा असायचा आणि त्याच्या अभ्यासापायी घरातल्यांना कुजबुजत बोलावे लागायचे. त्याच्यामागून बँकेच्या परीक्षांवाला आला. हल्ली वलगावात प्रॉडक्टवाला आहे. अमरावतीला इंजिनीअरिंग केले, पुण्यात नोकरी धरली, करोनात घरून काम सुरू झाले ते सुरूच राहिले. आता बेंगळुरू नाहीतर हैदराबादच्या एखाद्या बड्या टेक कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे, हा ध्यास. परतवाडा रोडवरच्या कुठल्याही गावात तो भेटेल. ओळखायची खूण एकच : त्याच्याकडून सरळ उत्तर मिळत नाही. ‘‘जेवाले येतं काय बाबू?’’ एवढेच माय विचारते, तर तो विचार करायला एक मिनिट मागून घेतो.

दोष त्याचा नाही, त्या नोकरीच्या मुलाखतीचा आहे. या मुलाखतीत ‘तुम्हाला काय येते’ असे कोणी विचारत नाही. ‘आंधळ्या माणसासाठी गजराचे घड्याळ तयार करा’ म्हणतात. उमेदवाराने लगेच घड्याळ काढून दाखवले की तो बाद. आधी विचारायचे, वापरणारा कोण, त्याची अडचण काय, आपल्याला साधायचे काय. यासाठी सात इंग्रजी अक्षरांचा ‘सर्कल्स’ नावाचा मंत्रच आहे. आमचा प्रॉडक्टवाला तो आंघोळ करताना म्हणतो. धंद्याचा इतिहासही त्याला मुखोद्गत आहे : 1931 साली प्रॉक्टर अँड गँबलमधल्या नील मॅकेलरॉयने साबण विकता विकता लिहिलेले, या धंद्याचे मूळ मानले जाणारे टिपण, 2002 साली गूगलमध्ये मारिसा मेयरने ताज्या पदवीधरांसाठी सुरू केलेली योजना. आपल्या वावराचा गट नंबर मात्र त्याला बापाला विचारावा लागतो.

मुलाखतीतले अंदाजाचे गणित हा त्याचा खास प्रांत. अमरावतीत रोज किती गिला वडा खपतो, हे त्याने गाडीवर उभ्या उभ्या काढले. शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे साडेसहा लाखांच्या आसपास. त्यातले निम्मे बाहेर खाणारे धरू. त्यांतल्या दहा टक्क्यांना आज वडा खावासा वाटेल. म्हणजे झाले बत्तीस हजार पाचशे. पुढे माणशी प्लेटी किती, यावर तो येणार तोच गाडीवाल्याने झारा बाजूला ठेवला. ‘‘एवढे वडे खपले असते तं म्या अजून गाडीवर उभा रायलो असतो काय, राज्या? मले इचार ना, रोज डाळ किती भिजवतो ते.’’

प्रॉडक्टवाला हसला. विचारून कळले तर तो अंदाज कसला? गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 सालीच जाहीर सांगून टाकले होते, की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, त्यातून माणूस कळत नाही. मात्र त्याच वर्षी या मुलाखतींच्या तयारीची दोन गाजलेली पुस्तकेही बाजारात आली. प्रॉडक्टवाल्याने बॉकसाहेबांना मान दिला आणि पुस्तके विकत घेतली.

तिसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘आपले अ‍ॅप वापरणारे अचानक दहा टक्क्यांनी घटले, कारण शोधा.’ याचा सराव घरच्या म्हशीवर झाला. दूध घटले, अशी मायने तक्रार केली आणि त्याने वही उघडली.

‘‘घट एकदम झाली की हळूहळू?’’

‘‘हळूहळू.’’

‘‘आपल्याच म्हशीची, की सगळ्या गावातल्या?’’

‘‘आपलीच.’’

‘‘मोजमापात काही बदल? भांडं बदललं?’’

‘‘अरे बाप्पा, गाभन हाय ते! आठवा महिना लागला. आटन नाई तं काय?’’

त्याने वहीत ‘अंतर्गत कारण’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

रात्री गच्चीवर सराव-मुलाखत चाले, कारण रेंज तिथेच. पलीकडे हैदराबादचा कोणी असाच इच्छुक. एकाने विचारायचे, दुसऱ्याने बोलायचे, मग अदलाबदल. खाली ओट्यावर ऐंशी ओलांडलेले आबा झोपेची वाट पाहत पडलेले. इंग्रजी कळत नसले तरी कोण किती बोलतो ते त्यांना कळे. गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 ला जिथे देह ठेवला, तो पेढी नदीचा पूल आमच्या गावाजवळचाच. आबांनी लहानपणी बाबांचे कीर्तन ऐकलेले. बाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांचाच खेळ, तोही वऱ्हाडीत. एका सकाळी आबा म्हणाले, ‘‘बाबा इचारे अन् थांबे. लोकाईच्या तोंडून निघाल्याबिगर पुढं जाये नाई. तू इचारतं अन् तूच सांगतं.’’

प्रॉडक्टवाल्याने हा ‘फीडबॅक’ म्हणून नोंदवून घेतला.

त्याच आठवड्यात बाप दोनदा दारात येऊन गेला. ई-पीक पाहणीची मुदत संपत आली होती. 2021 पासून राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते. वावरात उभे राहून फोटो काढावा लागतो, तेव्हा सातबाऱ्यावर पीक चढते. ‘‘बापू, चाल वावरात, तेवढं सोयाबीनचं करून दे.’’ पण बापूची सराव-मुलाखत होती. दुसऱ्या दिवशी तर खरीच मुलाखत, एकामागून एक पाच फेऱ्या.

चार फेऱ्या बऱ्या गेल्या. पाचवीत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारले, ‘‘मोबाइलची फारशी सवय नसलेल्या माणसासाठी एखादं अ‍ॅप सुचवा. समजा, तुमचे वडीलच.’’

त्याने शिकवल्याबरहुकूम एक मिनिट मागून घेतले आणि म्हणाला, ‘‘वडिलांचे तीन गट पडतात.’’

पहिला गट शहरी वडील, दुसरा निमशहरी, तिसरा ग्रामीण. तिसऱ्या गटाच्या अडचणी बाईंनी खोदून विचारल्या. त्याने भाषा, अक्षरांचा आकार आणि विश्वास असे तीन मुद्दे सांगितले. ‘‘हे त्यांनीच सांगितलं का?’’ बाईंनी विचारले. तो म्हणाला, ‘‘हे माझं गृहीतक आहे.’’

आठवडाभराने मेल आला. आभार, शुभेच्छा, आणि काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करण्याची मुभा. प्रॉडक्टवाला खचला नाही. कुठे मार्क गेले याचा त्याने रंगीत तक्ता केला.

पीक पाहणी मात्र मुदतीत झाली होती. शेजारचा दहावीतला पोट्टा सायकलवर आला होता. ‘‘काका, कोणत्या वावरात?’’ एवढेच त्याने विचारले, बापासोबत धुऱ्यापर्यंत गेला, सोयाबीनचा फोटो काढला, नोंद केली, आणि पुढच्या वर्षी स्वतःला करता यावी म्हणून बापाकडून एकदा तीच बटणे दाबून घेतली. जेवताना बापाने हे सगळे कौतुकाने सांगितले.

प्रॉडक्टवाल्याने शांतपणे ऐकून घेतले. मग वरणात पोळी बुडवत तो म्हणाला, ‘‘काम ठीक केलं त्यानं. पण स्ट्रक्चर नाही.’’